ग्रंथपाल दिन उत्साहात संपन्न

१३ ऑगस्टचं वर्तमानपत्र घ्यावं. राजकारण, पाऊस आणि खड्डे यांची पानं ओलांडावीत आणि आतल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात नजर टाकावी. तिथं ती असतेच. ‘ग्रंथालय व माहितीशास्त्र विभागात राष्ट्रीय ग्रंथपाल दिन उत्साहात संपन्न.’ गाव बदलतं, संस्थेचं नाव बदलतं, ‘उत्साहात’ बदलत नाही. एखादा कार्यक्रम बेताच्या उत्साहात पार पडला, किंवा सुरुवातीला उत्साह होता पण तिसऱ्या वक्त्यानंतर ओसरला, अशी बातमी मी आजवर वाचलेली नाही.

बातमीचा सांगाडा ठरलेला. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक. मग प्रमुख पाहुणे डॉ. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांवर ‘प्रकाश टाकतात’. गावोगावच्या पाहुण्यांनी दरवर्षी इतका प्रकाश टाकलाय, की खिडकीशी ठेवलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखी ती सूत्रं एव्हाना फिकी पडायला हवी होती. शेवटी ‘यशस्वीतेसाठी परिश्रम घेतले’ म्हणून नावांची यादी. ती कार्यक्रमापेक्षा लांब. बरोबर फोटो. फोटोत कुठल्यातरी पुस्तकाचं प्रकाशन चाललेलं असतं आणि त्या एका प्रतीला सात जणांचे हात लागलेले असतात. पुढच्या वर्षभरात तिला बहुधा तेवढेही लागत नाहीत.

एकेका पुस्तकाची दहा अंगांनी नोंद करणारी, ते कुणाला कुठल्या नावाखाली शोधावंसं वाटेल याचा आधीच विचार करून ठेवणारी ही माणसं. पण स्वतःची बातमी द्यायची वेळ आली की गेल्या वर्षीचीच काढतात, तारीख बदलतात आणि पाठवतात. त्यात आळस आहे असं मला वाटत नाही. ग्रंथालयात जे खरोखर घडतं त्याची बातमी कशी लिहायची हेच कुणी त्यांना शिकवलेलं नाही. आणि जे छापून येतं, ते घडवायला वाचनकक्ष दुपारपर्यंत बंद ठेवावा लागतो. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी वाचनकक्षातल्या खुर्च्या सभागृहात गेलेल्या असतात. वाचणारी पोरं बाहेर कट्ट्यावर बसून वाचतात आणि आत वाचनाचं महत्त्व चालू असतं.

ज्यांच्या तसबिरीला हार घालतात त्या शियाळी रामामृत रंगनाथन यांना हे बघून काय वाटलं असतं कोण जाणे. गृहस्थ मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लगोलग कंटाळले. दिवसभर कुणी येईना, कुणी काही विचारीना. ‘मला परत वर्गावर पाठवा’ म्हणून ते आपल्या जुन्या प्राचार्यांकडे गेले. त्यांनी समजूत घातली, की आधी लंडनला जाऊन या, मग बघू. लंडनमध्ये त्यांनी ग्रंथालयं पाहिली आणि एका मोठ्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि तेच ते नटबोल्ट, पण जोडाल तशी नवी वस्तू तयार. ज्ञानाचंही असंच करता येईल, हे त्यांच्या डोक्यात तिथं बसलं. १९३१ साली पाच सूत्रं आली, १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण. मधल्या काळात माणूस सुट्टी म्हणून घेईना. लग्नाच्या दिवशीसुद्धा दुपारी ग्रंथालयात हजर झाले, असं त्यांचे चाहते सांगतात. अशा माणसाच्या जयंतीला आपण देवघेव बंद ठेवतो.

त्या जयंतीतही एक गंमत आहे. साजरी होते १२ ऑगस्टला, पण त्यांची जन्मतारीख ९ ऑगस्ट अशीही सापडते. भारतात सूची शिस्तीत लावायला शिकवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या नोंदीत तीन दिवसांची तफावत! ग्रंथपाल मंडळी हे सांगताना वरवर हळहळतात, पण आतून त्यांना बरं वाटत असतं.

पाच सूत्रं तशी साधी आहेत. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पहिलं सूत्र आज बाळबोध वाटतं. पण युरोपात एके काळी पुस्तकं साखळदंडानं मांडणीला बांधून ठेवत, इंग्लंडात हेरफर्डच्या चर्चमध्ये ती अजून पाहायला मिळतात. आपल्याकडे साखळदंड नव्हते. आपल्याकडे काचेचं कपाट होतं, कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली मामांकडे. मामा म्हणजे शिपाई. मामा जेवायला गेलेले.

तिसऱ्या सूत्राचं पालन मात्र वाचनकक्षात मन लावून होतं. सकाळी सातला कक्ष उघडला की स्पर्धा परीक्षावाली पोरं-पोरी आत शिरतात. पुस्तकं स्वतःची, नोट्स स्वतःच्या, पाण्याची बाटली स्वतःची. ग्रंथालयाकडून हवी असते खुर्ची, पंखा आणि चार्जिंगचा पॉइंट. चहाला उठताना जागा धरायला रुमाल ठेवला तर उडतो, म्हणून शेजारच्या मांडणीतला जाडजूड खंड ओढून टेबलावर ठेवतात. वर्षानुवर्षं कुणी न हाताळलेल्या खंडाला अशा रीतीनं आपला वाचक मिळतो, निदान त्याच्या चहापुरता. चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा, ज्यांना तपासायचं असेल त्यांनी निकालाच्या आठवड्यात ‘नो ड्यूज’चा दाखला मागून बघावा. पाचवं सर्वांना मान्य आहे. ग्रंथालय वाढतच जातं, कर्मचारी तेवढे निवृत्त होत जातात.

एवढं सगळं मला ठाऊक असायचं कारण, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्रकाश टाकायला मीच गेलो होतो. नाव सांगत नाही, त्यांचा सहल अहवाल अजून मंजूर व्हायचा आहे. तिथं बी.लिब.चा वर्ग चालतो आणि महाविद्यालयाच्या ग्रंथपाल मॅडमच त्याच्या प्रमुख आहेत. भाषणाचं मानधन द्यायला तरतूद नव्हती. त्याऐवजी मॅडम म्हणाल्या, “सर, ऑक्टोबरात आमची शैक्षणिक सहल संभाजीनगरला जायचीय. बसमध्ये एक जागा आहे. यायलाच लागतंय.” मानधनाच्या बदल्यात दौलताबाद! तुघलकाच्या लोकांना एवढंही विचारलं नव्हतं. मी गेलो.

ग्रंथालयशास्त्राच्या सहलीत ‘शैक्षणिक’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असावा लागतो, म्हणून सकाळचा मुक्काम विद्यापीठात. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटून तेव्हा जेमतेम दहा वर्षं होत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव त्याला १४ जानेवारी १९९४ रोजी जोडलं गेलं, त्यासाठी लोकांनी किती वर्षं झगडा दिला आणि काय काय सोसलं ते मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. पाठीशी बौद्ध लेण्यांचे डोंगर, समोर ते प्रसिद्ध प्रवेशद्वार. २०१६ च्या कायद्यानं विद्यापीठांच्या ग्रंथालयांना ‘ज्ञानस्रोत केंद्र’ केलं. फलक बदलले. रिक्षावाले अजून ‘लायब्री’लाच सोडतात.

मॅडमनी मुलांना उभं केलं ते प्रवेशद्वारापाशी. म्हणाल्या, “१४ जानेवारीला इथं या. माणसांचा पूर असतो आणि पुस्तकांची दुकानं मांडलेली असतात. लोक गेटला नमस्कार करतात आणि जाताना पुस्तक घेऊन जातात. ज्यांच्या घरी पुस्तक ठेवायला फळी नाही ते सुद्धा.” एका मुलानं वहीत लिहिलं, ‘१४ जानेवारी : पुस्तके.’ मॅडम थोड्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या, “याला कुणी दीपप्रज्वलन करत नाही हां.” ज्या माणसानं दादरला घर बांधताना आधी पुस्तकांची सोय पाहिली, त्याच्या नावाच्या गेटावर दुसरं काय व्हायचं? मला विचाराल तर अख्ख्या मराठवाड्यातली सर्वांत मोठी ग्रंथालय-बातमी दरवर्षी तिथं घडते आणि छापून येते ती वाहतुकीतल्या बदलाची.

मग छावणी, मिटमिटा, शरणापूर करत बस दौलताबादला लागली. लांबून किल्ल्याचा तो तासून काढलेला डोंगर दिसायला लागला की बसमधली अंताक्षरीसुद्धा थांबते. मॅडमनी संधी साधली. या डोंगराच्या पायथ्याशी यादवांची राजधानी होती, आणि राजधानी होती म्हणून लिहिणारी माणसं होती. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ देवगिरीचा. बोपदेवाचं व्याकरण देवगिरीचं. आणि हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, हा यादवांचा श्रीकरणाधिप, दप्तराचा प्रमुख. “म्हणजे रेकॉर्ड सेक्शन,” मॅडम म्हणाल्या. “त्या माणसानं दप्तर सांभाळून ‘चतुर्वर्गचिंतामणि’ एवढा ग्रंथ रचला. तुम्हाला एक असाइनमेंट होत नाही.” मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, त्याला नेटवर्कचा प्रॉब्लेम नव्हता.”

किल्ल्यात शिरल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. ज्यांनी ड्युईचं दशमान वर्गीकरण नुकतंच पाठ केलंय अशा पंचवीस-तीस जणांना ऐतिहासिक स्थळी मोकळं सोडू नये. मेलविल ड्युईनं १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले. धर्माच्या शंभर आकड्यांतले बहुतेक ख्रिस्ती धर्माला देऊन उरलेल्या जगाला शेवटच्या दहांत कोंबलं. त्याला दौलताबाद माहीत नव्हतं. पोरांनी मेंढा तोपेभोवती कोंडाळं केलं. मागच्या बाजूला मेंढ्याचं तोंड, अंगावर कोरीव काम, नाव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, आणि मुक्काम कायम किल्ल्यातच.

“६२३,” एक मुलगी म्हणाली. “सैनिकी अभियांत्रिकी.”

“९५४. भारताचा इतिहास.”

“नक्षी बघ की. ७३९, धातुकला.”

“तोफेचा उपयोग बघायचा असतो, रूप नाही.”

“उपयोग काय आहे सध्या? फोटो काढायला.”

“मग ७७० मध्ये टाक.”

शेजारी एक कुटुंब पोहे खात बसलं होतं. त्यातल्या आजोबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कशाला भांडता पोरहो, ती बसली तिथं ठीक बसलीय.” वर्गीकरणाच्या इतिहासात याहून शहाणा निर्णय झाल्याचं मला माहीत नाही.

अंधारीत मात्र एकमत झालं. शत्रूला चकवायला खडकातून काढलेला तो वळणावळणाचा काळोखा बोगदा. पायरी कुठे, भिंत कुठे, कळत नाही, वटवाघळांचा वास नाकात बसतो, आणि आत गेलेला माणूस कुठून बाहेर पडेल याचा नेम नाही. मोबाइलच्या उजेडात चाचपडत असताना कुणीतरी म्हणालं, “डिट्टो आपली स्टॅक रूम.” मॅडम रागावल्या नाहीत, कारण मॅडम सर्वांत पुढे होत्या आणि त्यांनाही वाट सापडत नव्हती.

उंदरांचा विषय मीच काढला. १३४० च्या दशकात इब्न बतूता इथं येऊन गेला. त्यानं या किल्ल्यातल्या तळघरांविषयी लिहून ठेवलंय, की कैद्यांच्या कोठड्यांत मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत आणि मांजरं त्यांना बघून पळतात. मुलांना हे अतिशयोक्त वाटलं. मॅडमना वाटलं नाही. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे नियतकालिकांच्या खोलीत आहेत.” कसर, वाळवी आणि उंदीर हे ग्रंथालयाचे कायमचे सभासद. अनामत रक्कम भरत नाहीत, ओळखपत्र लागत नाही, आणि तिसऱ्या सूत्रातला ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ त्यांच्याइतका मनावर कुणी घेतलेला नाही.

वर चढता चढता जनार्दनस्वामींचं ठिकाण लागतं. हे या किल्ल्याचे अधिकारी आणि संत एकनाथांचे गुरू. पैठणचं पोर इथं येऊन राहिलं आणि गुरूची सेवा म्हणून किल्ल्याचा हिशोब लिहू लागलं. त्या काळी किल्ल्यावरच्या कामकाजाला स्वामींच्या साधनेसाठी गुरुवारी सुट्टी असे, असं सांगतात. मामांनी लगेच विचारलं, “अन् रविवारी?” मामा आमच्याबरोबर होते, हे सांगायचं राहिलं. सहलीत पाण्याचे जार उचलायला त्यांना आणलं होतं.

एकनाथांची ती गोष्ट सगळ्यांनाच माहीत असते. हिशोबात एका पैचा फरक येत होता. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या आणि पहाटे ती पै सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. गुरूंनी त्यावर जो उपदेश केला तो कीर्तनकार फार रंगवून सांगतात. पण मॅडम सावलीत दगडावर बसल्या होत्या आणि त्यांचं लक्ष त्या उपदेशाकडे नव्हतं. त्यांना टाळीविषयी बोलायचं होतं.

“सर, ग्रंथालयात दरवर्षी साठा पडताळणी असते. दाखल नोंदवही एका हातात, बोट मांडणीवर. एक ओरडतो, दुसरा टिक करतो. मे महिना, पंखे बंद, कारण वाऱ्यानं नोंदवहीची पानं उडतात. सगळं जुळलं. एक पुस्तक कमी. नोंदवहीत आहे, मांडणीत नाही, देवघेवीत नाही, बाइंडिंगला नाही. एक पुस्तक. लोक म्हणतात, एवढ्यात एक गेलं तर काय झालं. पण झोप लागत नाही हो.”

“कुठलं पुस्तक होतं?”

मॅडम जरा थांबल्या. “साठा पडताळणी कशी करावी, त्याचंच पाठ्यपुस्तक.”

कुणी हसलं नाही, कारण त्याच पुस्तकावर मुलांची परीक्षा होती.

पुढची हकीकत अशी. शोध शोध शोधलं. शेवटी नियमाप्रमाणे समिती बसली, कारणं लिहिली गेली आणि पुस्तकाचं निर्लेखन झालं, म्हणजे कागदोपत्री ते संपलं. दाखल नोंदवहीत लाल शाईनं शेरा पडला. त्यानंतर दिवाळीच्या सफाईत वॉटर कूलर हलवला, तर त्याच्या आखूड पायाखाली पुस्तक. “कूलर हलत होता ना मॅडम,” मामा खालूनच म्हणाले, “पाणी सांडत होतं. बरोब्बर जाडीचं तेच सापडलं.” पुस्तकं वापरासाठी आहेत या सूत्राचा इतका सरळ अर्थ खुद्द रंगनाथनांनाही सुचला नसता.

“मी टाळी वाजवली सर. एकटीनं. मग लक्षात आलं, की आता याचं करायचं काय? निर्लेखित पुस्तक मांडणीत ठेवता येत नाही, कारण ते नाही. रद्दीत देता येत नाही, कारण ते आहे. नव्यानं दाखल करायचं तर बिल लागतं. भेट म्हणून दाखवावं तर देणगीदार कोण?” मामांचं नाव देणगीदार म्हणून लिहावं, असं एका विद्यार्थ्यानं सुचवलं. मामांनी साफ नकार दिला. त्यांच्या मते एकदा देणगी दिली की पुढच्या वर्षी सत्काराला बोलावतात.

ते पुस्तक सध्या मॅडमच्या खणात आहे. ज्याला हवं त्याला त्या तोंडी देतात आणि तो तोंडी परत करतो. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे संपूर्ण ग्रंथालयात सर्वांत जास्त फिरणारं पुस्तक तेच आहे. कुठल्याही आकडेवारीत त्याची नोंद नाही. नॅकची समिती आली तेव्हा देवघेवीचा तक्ता मांडला होता, त्यात ते नव्हतं, आणि भिंतीवर बातम्यांची कात्रणं चिकटवली होती, त्यांतही नव्हतं. कात्रणं सगळी एका शिस्तीत होती. ग्रंथपाल दिन उत्साहात, ग्रंथदिंडी उत्साहात, पुस्तक प्रदर्शनाचं उद्घाटन उत्साहात. प्रदर्शन बंद कधी झालं ते कुणी छापत नाही.

तसं पाहिलं तर या धंद्याचा मराठी माणसाशी जुना संबंध आहे. देशातला ग्रंथालयशास्त्राचा पहिला वर्ग बडोद्यात १९११ साली निघाला. कवळाण्यासारख्या खेड्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी त्यासाठी थेट अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणवला आणि गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरवल्या. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्यानं वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले आणि वर्गाप्रमाणे अनुदान. ड वर्गातलं वाचनालय क मध्ये जायला किती वर्षं लागतात, हे विचारायला जाऊ नये. समोरचा माणूस फार वेळ बोलतो.

किल्ला उतरून बस खुलताबादच्या दिशेनं निघाली आणि दिल्ली दरवाजात अडकली. वेरूळकडे जाणारा रस्ता त्या जुन्या अरुंद वेशीतून जातो. एका वेळी एक मोठं वाहन मावतं, आणि दोन्हीकडून येणाऱ्या प्रत्येकाला आपलं वाहन लहान वाटतं. मॅडमनी वेळ वाया जाऊ दिला नाही. “चला, रंगनाथनांची पाच मूलभूत अंगं या कोंडीला लावा.” व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल, काल. पोरांनी लावली. व्यक्तित्व : ट्रॅव्हल्सची बस. द्रव्य : डिझेल. ऊर्जा : हॉर्न. स्थल : दिल्ली दरवाजा. काल : अनंत. मॅडमनी पैकीच्या पैकी गुण दिले.

इथं तुघलक आठवणं भाग होतं. १३२७ मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी उचलून इथं आणली, आणि काही वर्षांत सगळं परत दिल्लीला. इतिहासकार त्याला वेडा म्हणतात, हुशार म्हणतात, भांडतात. ज्यानं जुन्या इमारतीतलं ग्रंथालय नव्या इमारतीत हलवलंय, आणि गळती लागल्यावर परत जुन्या इमारतीत आणलंय, तो यावर काही बोलत नाही. त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं असतं, की गठ्ठ्यांवर नंबर कुणी टाकले होते.

पण त्या उलाढालीतली एक गोष्ट इथंच राहिली. पुढचं गाव कागजीपुरा. हातानं कागद बनवणारे कारागीर तुघलकाच्या काळात इथं आले, असं इथली परंपरा सांगते. सुलतान गेला, दरबार गेला, कागदी मंडळी राहिली आणि कागद बनवत राहिली. चिंध्यांचा लगदा, हौदात बुडवून उचललेली जाळी, भिंतीला चिकटवून वाळवलेला ताव, मग घोटून आणलेली चकाकी. आमच्या पोरांनी ताव उजेडासमोर धरून बघितले, नखानं वाजवून बघितले. आज दाखल नोंदवहीचा कागद पंचवीस वर्षांत पिवळा पडून कडेनं तुटतो आणि हा कागद पिढ्यान्पिढ्या टिकतो. मुलांनी फार आदरानं हे वहीत उतरवलं. सहलीचा अहवाल मात्र ए-फोरवर, दोन्ही बाजूंनी प्रिंट.

विभागासाठी मॅडमनी काही ताव घेतले. प्रमाणपत्रांना वापरू, म्हणाल्या. परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला टोपल्या मांडलेल्या होत्या. दौलताबादची सीताफळं. डोळे उघडलेली, दाबलं की दबणारी. बस आपोआप थांबली. ड्रायव्हरला कुणी सांगितलं नव्हतं. तीस जणांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून बिया थुंकत अर्धा तास वर्गीकरणावर पुन्हा चर्चा केली. झाडावर असेल तर ६३४, ताटात आलं तर ६४१. पोटात गेल्यावर ६१२, असं एकानं म्हटलं आणि बाकीच्यांनी त्याला बसमध्ये चढू दिलं नाही.

खरी अडचण पुढे आली. हिशोब लेखा विभागात गेला तेव्हा भाऊसाहेबांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “मॅडम, हे सीताफळ कुठल्या हेडला टाकू?” मॅडम म्हणाल्या, चहापान. चहापानाचं हेड १२ ऑगस्टलाच संपलेलं होतं. किरकोळ? किरकोळमधून हार आले होते, समईचं तेल आलं होतं आणि फ्लेक्सही. प्रवासात टाकावं तर सीताफळांनी प्रवास केलेला नाही, आणलेली सगळी जागेवरच संपली. भाऊसाहेबांनी यादी पुन्हा वरून खाली वाचली आणि कागजीपुऱ्याच्या ओळीवर बोट ठेवलं. “कागद आणलाय ना तुम्ही?” मग त्याच बिलाच्या खाली जागा होती तिथं, वळणदार अक्षरात, त्यांनी लिहिलं : ‘कागद व तदनुषंगिक साहित्य.’ हेड : स्टेशनरी.

बिल मंजूर झालं. ऑडिटनं एकच शंका काढली आहे, की तदनुषंगिक साहित्य साठा नोंदवहीत घेतलेलं दिसत नाही, तरी त्याची प्रत्यक्ष पडताळणी करून अहवाल सादर करावा. त्या शंकेचं उत्तर लिहिणं हा यंदा बी.लिब.च्या अंतर्गत मूल्यमापनातला पाच गुणांचा प्रश्न आहे, आणि मॅडमच्या खणातलं पुस्तक सध्या त्यासाठीच एका हातातून दुसऱ्या हातात फिरतंय.